सहा हिस्सेदारांचं विमान

मी वैमानिक आहे असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा: कुठल्या कंपनीत? मग मी सांगायचो की तिकीट काढून बसता येतं अशा कंपनीत नाही, एका लहान जेटवर आहे. समोरच्याच्या चेहऱ्यावरचा आदर कमी व्हायचा नाही, पण तो माझ्यावरून उठून माझ्या मालकांकडे जायचा. "अच्छा, म्हणजे मोठ्या लोकांना फिरवता," असं म्हणून तो ते मोठे लोक कोण ते विचारायला लागायचा. नऊ वर्षं मी हे ऐकलं. लग्नाच्या मांडवात ऐकलं, सोसायटीच्या लिफ्टमध्ये ऐकलं, दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना ऐकलं आणि तिथे तर उत्तरही देता आलं नाही.

त्यातून आमचं विमान एका मालकाचं नव्हतंच. सहा जणांनी ते हिश्श्यांत घेतलेलं होतं. प्रत्येकाचा वाटा ठरलेला, वाट्याप्रमाणे वर्षाचे उडायचे तास ठरलेले, आणि आम्ही वैमानिक सगळ्यांचे मिळून. शिकल्यासवरल्या माणसांना हे समजावताना माझी दमछाक व्हायची. माझ्या वडिलांना, आप्पांना, ते एका दमात समजलं. ते पुण्याजवळच्या मांजरी गावचे शेतकरी. आमची विहीर भावकीतल्या चौघांची, त्यात आमचा चार आण्यांचा हिस्सा आणि पाण्याच्या पाळ्या लावलेल्या. "म्हंजी विहिरीसारखंच हाय की," ते म्हणाले. "हिस्सा त्यांचा आन् मोटर चालू करायला तू." मला तेव्हा हे इतकं आवडलं की मी ते चार ठिकाणी सांगितलं. पुढे त्याच विहिरीने माझं डोकं उठवलं, कारण तिचा दुसरा नियमही आप्पांना पाठ होता: ज्याचा हिस्सा नाही त्याने पाळी मागायची नाही, मग पाणी ओढ्याला वाहून गेलं तरी चालेल.

आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी शांतपणे सगळं समजावलं. गेलेली नजर परत येणार नाही, थेंब घालून उरलेली जपायची, कडेकडेने अंधार येत जातो आणि मधलं तेवढं दिसत राहतं, तेही किती दिवस ते सांगता येत नाही. परत येताना विश्रांतवाडीच्या सिग्नलला गाडी थांबली. तिथून आमचं घर जवळ आणि विमानतळही जवळ. डोक्यावरून एक विमान उतरायला गेलं, आणि त्याच्या आवाजाच्या दिशेला मान वळवून आप्पा बोलले.

"मला एकदा तुझ्या इमानात बसीव. वरनं काय बघायचं न्हाय मला. तू चालवताना बघायचंय. दिसतंय तवर तेवढं व्हऊ दे."

ते माझ्याकडे कधी काही मागत नाहीत. दिवाळीला कपडे घेतले तरी आधीचे फाटले का, असं विचारतात. त्यामुळे मी मागचापुढचा विचार न करता बोलून गेलो की त्यात काय, बसवतो.

यातली चीड आणणारी गोष्ट अशी की आमचं विमान बराच वेळ रिकामंच उडायचं. एका मालकाला नागपूरला सोडलं की दुसऱ्याला आणायला इंदूरला रिकामं जायचं, त्याला हैदराबादला उतरवलं की पुण्याला रिकामं यायचं. मागे मऊ कातड्याच्या खुर्च्या, घड्या घातलेल्या शाली, वाटीत काजू, आणि पुढे आम्ही दोघे वैमानिक. मधे दारसुद्धा नव्हतं. पहिल्या खुर्चीत बसलेल्याला माझी मान, माझे हात, समोरची सगळी यंत्रं दिसायची. एका मालकाने मागे बसल्या बसल्या, कॅप्टन, केस वाढलेत, असंही मला सुचवलं होतं. आप्पांना बघायचं होतं ते नेमकं त्या खुर्चीतून दिसत होतं, आणि ती खुर्ची रिकामी घेऊन मी अर्धा देश हिंडत होतो.

ऑफिसात विचारलं. विम्यात बसत नाही, असं उत्तर आलं. मी म्हटलं, विम्यात बसवून घेऊ, मला तेवढी कागदपत्रं करता येतात. मग सहाही मालकांची परवानगी लागेल असं आलं. शेवटी खरं कारण आलं ते असं की आज तुमचे वडील, उद्या दुसऱ्या वैमानिकाची मावशी, परवा तिची जाऊ. मी थेट एका मालकाला गाठलं. हे गृहस्थ बिल्डर. मांजरीकडच्या उसाच्या रानांवर त्यांनी बरेच मजले उभे केले होते, त्यामुळे मला वाटलं गावाच्या नावाने तरी जरा पाझर फुटेल. बॅगा मी विमानात चढवत होतो आणि ते जिन्याशी उभे होते, तेव्हा विचारलं. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि बघू म्हणाले. जन्म पुण्यात काढलेल्या माणसाला बघू या शब्दाचा अर्थ कळायला हवा होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी त्यांचा कुत्रा गोव्याला नेला. मालक आधीच तिकडे गेले होते आणि त्यांना कुत्र्याशिवाय करमत नव्हतं. कुत्रा आणि त्याला सांभाळणारा माणूस, एवढेच प्रवासी. कुत्र्याशी माझं वैर नाही, अतिशय गुणी जनावर होतं. पण ते पहिल्या खुर्चीवर टॉवेल अंथरून बसलं होतं आणि गोवा येईपर्यंत एकटक माझ्या मानेकडे बघत होतं. उतरल्यावर सीटवरचे केस मीच वेचले. लहान जेटवर झाडणारा वेगळा नसतो. बॅगा चढवणं, कॉफी भरणं, सांडलेलं पुसणं, मालकांच्या नातवाला उलटी झाली तर तीही, हे सगळं खांद्यावर चार पट्ट्या लावून आम्हीच करायचं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती जुन्या पुण्यातल्या कसबा पेठेत वाढलेली, त्यामुळे सहानुभूती तिरकी असते. "कुत्र्याचा हिस्सा असेल," ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली. आप्पांपर्यंत हे पोचू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण रविवारी मांजरीला गेल्यावर माझ्याच तोंडून गेलं. मला वाटलं ते चिडतील, निदान हसतील. ते म्हणाले, त्याच्या मालकाचा हिस्सा हाय, आपला न्हाय, उगा कशाला डोस्क्यात घेतोस. याने मी जास्तच भडकलो. मालकांवर चिडायचं तर तेही माझ्या बापाच्या कायद्यात बसत नव्हतं.

माझ्याबरोबर उडायला शिकलेला एक मित्र विमान कंपनीत होता. तो पुण्यात असला आणि मीही असलो, असं कधीतरी व्हायचं, तेव्हा आम्ही विश्रांतवाडीच्या अमृततुल्यात बसायचो आणि कोणाचं जास्त वाईट चाललंय यावर वाद घालायचो. त्याचं म्हणणं, माझ्या नोकरीत माणसं तरी दिसतात, गावं तरी दिसतात. तो दिवसाला चार विमानतळांवर उतरायचा आणि एकाच्याही जमिनीला पाय लावायचा नाही. पहाटे गाडी दाराशी, दुपारपर्यंत दिल्ली, बंगळूर, पुन्हा दिल्ली, आणि मागे कोण बसलंय ते शेवटपर्यंत कळत नाही. "कॉकपिटचं दार एकदा आतून लागलं की मी, शेजारचा वैमानिक आणि थंड इडली," तो म्हणायचा. मी सांगायचो की मला दुपारी जेवताना फोन येतो आणि दोन तासांत जामनगरला निघावं लागतं. गावच्या जत्रेत जायचं नाही, सिनेमा मध्यावर सोडायचा, आंघोळीला जाताना फोन बादलीशेजारच्या कोनाड्यात ठेवायचा. बायकोने एकदा तो उचलून देव्हाऱ्यात ठेवला होता आणि उदबत्ती लावली होती. मित्राला मात्र पुढच्या महिन्याच्या सगळ्या ड्युट्या आधीच कळायच्या. पुतणीच्या साखरपुड्याला येणार की नाही, हे तो छातीठोक सांगू शकायचा.

आणि त्याचे आईवडील विमानातून हिंडायचे. स्टाफच्या घरच्यांना तिकीट मिळतं, जागा उरली तर. अंदमान झालं, अमृतसर झालं. त्याची आई आता विमानात घरून तिखटमिठाच्या पुऱ्या नेते, असं तो कौतुकाने सांगायचा आणि मला चहा कडू लागायचा.

"मग ये की आमच्याकडे," तो एकदा म्हणाला. "पण पहिल्या पायरीवरून. इथे ज्येष्ठता रुजू झाल्याच्या दिवसापासून मोजतात. तू नऊ वर्षं कॅप्टन असलास तरी आमच्याकडे तू नवा."

म्हणजे चाराच्या तीन पट्ट्या आणि कॅप्टनच्या डाव्या खुर्चीतून उठून पुन्हा दुय्यमाच्या उजव्या खुर्चीत. चाळिशीला आलेल्या माणसाला परत नवी सून व्हायला सांगत होता. मी उठून चहाचा ग्लास जरा जोरातच ठेवला आणि विषय तिथे संपवला.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी विमान ठेवायच्या आमच्या हँगरमध्ये पूजा असायची आणि वर्षातून तेवढाच एक दिवस, आधी ओळखपत्रं देऊन, घरच्या माणसांना आत येऊ द्यायचे. आप्पांचं नाव मी दिलं. विमानात बसवता येत नाही तर निदान दाखवू तरी, असा माझा हिशोब. ते धुतलेलं धोतर नेसून आले, बरोबर स्वतःचं ताट घेऊन आले. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं, वाटीत कालवायला पाणी. घरी त्या दिवशी ट्रॅक्टर, मोटर, खुरपी, कोयते सगळं पुजतात आणि कुंकवाच्या बोटाशिवाय काही सोडत नाहीत.

हँगरची पूजा मात्र आटोपशीर. विमानाच्या अंगाला हळदकुंकू लावायचं नाही, असा आमचा नियम. कुंकू लागायचं ते विमान ओढणाऱ्या ट्रॅक्टरला, शिडीला, हत्यारांच्या पेटीला. विमानाच्या नाकावर हार नुसता फोटोपुरता धरायचा आणि काढायचा. आप्पांना मी पहिल्या खुर्चीच्या खिडकीपर्यंत नेलं, बाहेरूनच. त्यांनी तळहाताने विमानाचं अंग चाचपलं, पाठीवरून म्हशीला चाचपतात तसं, आणि लय थंड हाय म्हणाले. तेवढ्यात फोन आला. त्याच बिल्डर मालकांना दुपारी हैदराबादला बैठकीसाठी जायचं होतं आणि वेळ अलीकडे आणायची होती. मी बोलत बोलत बाजूला गेलो.

उड्डाणाच्या आधी वैमानिकाने विमानाभोवती एक फेरी घालायची असते. टायर, पंख, दारं, सगळं डोळ्यांखालून घालायचं. आप्पा तोवर पेढे खात बाकावर बसले होते. मी फेरी घालत डाव्या बाजूला आलो आणि थांबलो. तिथे विमानाच्या अंगात एक गुळगुळीत धातूची चकती बसवलेली असते, रुपयापेक्षा मोठी, आणि तिला बारीक छिद्रं असतात. त्या छिद्रांतून बाहेरच्या हवेचा दाब आत कळतो आणि किती उंचीवर आहोत, किती वेगात आहोत, हे यंत्रं त्यावरून सांगतात. एरवी तिच्यावर झाकण असतं, उड्डाणासाठी ते नुकतंच काढलं होतं. त्या चकतीच्या बरोबर मधोमध ओलं हळदकुंकू लावलेलं होतं, वर एक अक्षता चिकटली होती.

छिद्रं बुजली होती. तसंच उडालो असतो तर यंत्रांनी वर आकाशात धादांत खोटं सांगितलं असतं. मी इंजिनियरला बोलावलं आणि कोणी लावलं ते सांगितलं. दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतंच. त्याने ती चकती धुतली, मग नळ्या तपासल्या, मग यंत्र लावून पुन्हा तपासल्या, आणि या सगळ्यात मालकांची बैठक गेली. ते गाडीतून उतरलेच नाहीत. काच खाली करून मला म्हणाले, "कॅप्टन, घरचे लोक घरी ठेवत जा." मी सॉरी सर म्हणालो. संध्याकाळपर्यंत ऑफिसचा निरोप आला की पुढच्या वर्षीपासून पूजेला फक्त कर्मचारी.

मी आप्पांवर चिडलो. गाडीत बसल्या बसल्या चिडलो. इतकी माणसं होती, कोणाला विचारायचं होतं, मला हाक मारायची होती, असं सगळं बोललो. आळंदी रस्त्याच्या गर्दीत गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती आणि मला थांबता येत नव्हतं.

"समद्यांना कुकू लावलं आन् त्यालाच कोरडं ठिवलं," आप्पा म्हणाले. "तू त्यात बसतोस रोज. बरं दिसंना मला. मंग हात फिरवीत गेलो. तिथं गुळगुळीत गोल लागलं, म्हनलं हीच टिळ्याची जागा आसंल."

मग माझ्या लक्षात आलं. चकतीभोवती लाल रंगाची ठसठशीत पट्टी होती आणि खाली हात लावू नका असं चित्र होतं. त्यातलं त्यांना काहीच दिसलं नव्हतं. ते विमानाच्या शेपटीकडून चाचपत तिथपर्यंत आले होते. काचबिंदू किती पुढे गेलाय ते डॉक्टरांच्या चार्टवरून मला समजलं नव्हतं, ते त्या कुंकवाच्या बोटाने समजलं. स्वतःची लाज वाटली आणि तरीही राग गेला नाही, फक्त आता तो आप्पांवर नव्हता.

त्याच आठवड्यात मी मित्राला फोन करून अर्ज कसा करायचा ते विचारलं. बायकोला सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती. आप्पांना बसवायचं तर एवढा एकच रस्ता आहे, तिकीट काढून बसतील, मी चालवत असेन, असं मी म्हणालो. तिने मेथीची जुडी खाली ठेवली.

"त्यांना तू चालवताना बघायचंय. तुझ्या त्या विमानात त्यांना काय दिसणार, बंद दार?"

तुला एवढंच सुचतं, असं मी म्हणालो. दाराचा विचार माझ्या मनात आला नव्हता असं नाही. उतरल्यावर, प्रवासी गेले की, त्यांना पुढे आणून माझ्या शेजारी दोन मिनिटं बसवता येईल, असं मी धरून चाललो होतो.

विमान कंपनीत सगळं छान होतं, हे आधी सांगतो, नाहीतर रडगाणं वाटेल. बॅगा दुसरे चढवत, कॉफी दुसरे आणून देत, ड्युटी संपली की फोन मुका. मालक नावाचा प्राणीच नव्हता. पण मोठं विमान शिकण्यात महिने गेले, मग परीक्षा, मग शिकाऊ म्हणून उडणं, आणि मग पुणे मिळालंच नाही. पुणे मागणाऱ्यांची रांग होती आणि मी तिच्या टोकाला होतो. मला कोलकात्याला टाकलं. आधी मी घरी कधी नसेन ते माहीत नसायचं, आता महिनाभर आधी छापून मिळायचं, एवढा फरक. शेजारी बसणारा कॅप्टन माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तो मला सर म्हणायचा आणि त्याच दमात कुठलं बटण आधी दाबायचं ते सांगायचा. मी त्याचं ऐकायचो, कारण त्याचं बरोबर असायचं. मला हे सगळ्यात जड गेलं.

सुट्टीला आलो की आप्पांची नजर आणखी आखडलेली असायची. रात्री रानात बॅटरीच्या झोतात बघावं तसं ते एकेक वस्तू शोधत. ताटात भाकरी दिसली तर भाजी कुठंय ते विचारत. थेंब वेळेवर घालत होते. विमानाचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. मीच काढायचो, आता थोडंच राहिलंय म्हणायचो.

शेवटी एका महिन्यात माझ्या वाट्याला पुणे-नागपूर आलं. मी आप्पांना आणि बायकोला त्याच विमानाचं स्टाफचं तिकीट काढलं. ते जागा उरली तरच, त्यामुळे विमान सुटायच्या जरा आधीपर्यंत मी आत बसून उजवीकडे यंत्रं तपासत होतो आणि मनात काउंटरवरच्या बाईची विनवणी करत होतो. जागा मिळाल्या, मागे, पण खिडकीच्या आणि उजवीकडच्या. मांजरी उजवीकडून दिसते. त्यांना विमानात चढताना मी पाहिलं नाही. त्या वेळी आम्ही दोघे डोकी खाली घालून कामात होतो आणि मधलं दार लागलेलं होतं.

पुण्याची धावपट्टी हवाई दलाची. त्यांची लढाऊ विमानं एकामागून एक उतरत होती आणि आम्ही रांगेत इंजिनं चालू ठेवून ताटकळत उभे. दर मिनिटाला मला नागपूरची माझी ती दोन मिनिटं कमी होताना दिसत होती. हवाई सुंदरीने इंग्रजीत कॅप्टनचं आणि माझं नाव वाचलं, पण अशा घाईत की ते माझं आहे हे मलाही ओळखू आलं नसतं. मग आम्ही उडालो. त्या दिवशी विमान माझ्या हातात होतं. मांजरी खालून गेली असणार. मी समोर बघत होतो.

मागे काय झालं ते बायकोने नंतर सांगितलं. तिने आप्पांना ही बघा मांजरी असं सांगितलं. कसबा पेठेतल्या बाईला वरून मांजरी काय आणि मुंढवा काय, तिला सगळ्या इमारतीच दिसत होत्या. आप्पांनी कपाळ काचेला टेकवलं, बराच वेळ शोधलं, आणि त्यांच्या बॅटरीच्या झोतात विमानाच्या पंखाचा एक तुकडा तेवढा सापडला. विहीर दिसती का, असं त्यांनी तिला विचारलं. ती हो म्हणाली.

नागपूरला पोचेपर्यंत बराच उशीर झालेला होता. कॅप्टनने दोन मिनिटांचं आधी कबूल केलं होतं, पण आता पुढच्या उड्डाणाचे प्रवासी दाराशी आणून उभे केले होते. सॉरी सर, आज नाही जमणार, तो म्हणाला. त्याच्या जागी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. मी पट्टे सोडले आणि निदान दाराशी तरी गाठ पडावी म्हणून बाहेर आलो.

आप्पा सगळ्यांच्या शेवटी आले, बायकोच्या खांद्यावर हात ठेवून. मी समोर उभा होतो, पण त्यांची नजर आधी हवाई सुंदरीवर गेली, मग भिंतीवर, मग मी हाक मारल्यावर माझ्यावर. त्यांनी माझ्या खांद्यावरच्या पट्ट्यांवरून हात फिरवला. मोजल्या असतील तर बोलले नाहीत.

"तू व्हतास का आत?"

"होतो की, आप्पा. मीच उतरवलं."

"सूनबाई म्हनत व्हती. पर ती माझं मन राखाया कायबी म्हनंल." ते जरा थांबले. मग हात लांब करून त्यांनी आमच्या कॉकपिटचं दार चाचपलं, जाड, भक्कम, आतून कुलूप लागणारं. "त्या बारक्या इमानात मधी दार न्हवतं न्हवं?"

"नव्हतं."

"मंग त्यात दिसला असतास."

बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. तिने आप्पांचा हात पुन्हा आपल्या खांद्यावर घेतला आणि ते दोघे विमानाला जोडलेल्या पुलावरून हळूहळू चालायला लागले. पुढचे प्रवासी आत यायला लागले होते. मी आत जाऊन माझ्या जागेवर बसलो आणि वेळ झाल्यावर ते दार लावून घेतलं.